पेवात सोडलेला कंदील

लहानपणापासून मला एक खोड आहे. कोणी म्हणालं, तिकडे जाऊ नको, धोका आहे, की मी विचारायची, "किती?" आई वैतागायची. "धोका काय जवारी आहे का वं, पायलीनं मोजाले?" असं म्हणून ती आपल्या कामाला लागायची आणि मी तिथंच उभी. मला खरंच कळायचं नाही, का नाही मोजायचा? मीठ मोजतो, तेल मोजतो. बुलढाण्याच्या दवाखान्यात ताप काचेच्या नळीनं मोजतात, असं ऐकलं होतं. मग ज्याला सगळं गाव एवढं घाबरतं, ते तेवढं अंदाजावर सोडून द्यायचं?

थोडी मोठी झाले तेव्हा लक्षात आलं, मोजत होते सगळेच. फक्त त्याला मोजणं म्हणत नव्हते. आमचं गाव घाटाखाली, मोताळ्याच्या बाजाराला पायी जावं एवढ्या अंतरावर. नळगंगा नदी जिथं पायी ओलांडायची, त्या उताराजवळ बसलेल्या म्हशीसारखा एक काळा खडक होता आणि त्याचं नावही म्हैसच होतं. पाणी म्हशीच्या पोटाला लागलं तर खुशाल जावं. पाठीला लागलं तर पोहता येणाऱ्यानं एकट्यानं जावं. आणि म्हैस बुडाली, की पलीकडे ज्याचं स्वतःचं लग्न असेल त्यानंही घरीच बसावं. बुलढाण्याला माल नेणारे गाडीवान घाटाची पहिली चढण संपली की बैल थांबवत आणि बघत राहत. बैलानं बाजूच्या गवताला तोंड लावलं, तर ओझं बरोबर आहे. नुसताच धापा टाकत उभा राहिला, तर दोन पोती खाली. आईचं माप कोंबड्यांचं होतं. पावसाळ्यात सरपणाच्या खोपीत साप शिरतात, म्हणून आधी कोंबड्या जाऊ द्यायच्या. त्या मजेत उकरत बसल्या तर आई आत जायची. दाराशीच मान वर करून कलकलाट केला, तर त्या दिवशी शेजारून गोवऱ्या मागून आणायची.

हे सगळं मला फार आवडायचं. पण एक गोष्ट खुपायची. गाडीवानाला म्हैस नीट कळत नव्हती, आईला बैल कळत नव्हते. ज्याचा धोका त्याचंच माप, आणि तेही त्याच जागेपुरतं.

शेजारी, मध्ये एक काटेरी कुंपण सोडलं तर आमच्याच अंगणात म्हणावं असं, चाचांचं घर होतं. ते बाबांपेक्षा वयानं मोठे, म्हणून बाबा त्यांना बडेभाई म्हणत आणि ते बाबांना भाऊ. दोन्ही घरांची शेतं बांधाला बांध लागून होती. ज्वारी आणि कपाशी तर दोघांचीही. शिवाय चाचा अंबाडीचे दोर वळायचे आणि मोताळ्याच्या बाजारात विकायचे. त्यांच्या दोराला बाजारात मान होता. त्यांना एकच मुलगा. मी त्याला भाईजान म्हणायची, आणि सख्ख्या भावाशी भांडावं तशी त्याच्याशी भांडायची. तो दोन हंगाम मलकापूरच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम करून परत आला होता, आणि आल्यापासून गावातली प्रत्येक गोष्ट त्याला जुनाट वाटत होती.

एकदा तो विम्याबद्दल सांगत बसला. जिनाचा विमा काढायला मुंबईहून एक साहेब आला होता. कापसाला आग लागली तर कंपनी भरपाई देणार, पण त्याआधी साहेब सगळं बघून जाणार.

"काय काय पाह्यलं त्यानं?" मी विचारलं.

"पान्याच्या बादल्या कुठी ठेवते, कंदील कुठी टांगते, बिडीचं दुकान किती दूर हाय. सारं पुसलं. सरकीचा ढीग पाह्यला."

"अन् मंग त्याले समजलं का, आग लागन का नाई थे?"

भाईजान खो खो हसला. "अवं, येडी हायेस का? हे जिन जळन का थे जिन जळन, त्याले काईच मालूम नसते. येवढ्या जिनांतली काई तरी जळतेत, येवढंच मालूम असते. तेवढ्यावरच त्याचा धंदा चालते."

मी कितीतरी दिवस त्या साहेबाचाच विचार करत होते. आमची म्हैस आजच्या पाण्याबद्दल बोलायची, आत्ता नदीत पाय टाकणाऱ्या माणसाबद्दल. साहेबाला मात्र एकाही जिनाबद्दल काही ठाऊक नाही आणि सगळ्या जिनांबद्दल ठाऊक आहे! हे कसं काय? दोघांतलं खरं माप कोणाचं? भाईजानला पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुह्या नवऱ्याची कीव येते मले." माझं लग्न ठरलं होतं. मुलगा वडनेर भोलजीचा, मुहूर्त वैशाखातला. त्यामुळे त्या काळात माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या नवऱ्याची कीव करून दिलं जायचं, आणि मी जाम चिडायची.

लग्नाला ज्वारी लागणार होती, म्हणून चैत्रात पेव फोडायचं ठरलं.

आता पेवं राहिली नाहीत, म्हणून सांगते. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. आमच्याकडे गावाला लागून पांढरी माती होती, तिच्यात पाणी मुरत नाही असा अनुभव. तिथं खोल खणायचं. तोंड एवढं अरुंद, की अंग चोरून एक माणूस उतरावा. आत मात्र रांजणासारखं पोट. भिंतींना आणि तळाला कडबा लावायचा, गळा मोकळा ठेवून ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. चांगल्या पिकाच्या वर्षी भरलेलं पेव वाईट वर्षी फोडायचं. आमचं आणि चाचांचं पेव एकच होतं, दोन्ही घरांची ज्वारी त्यात एकत्र पडलेली. ते भरून बरेच पावसाळे झाले होते.

बंद पेवातली ज्वारी श्वास घेते, असं चाचा म्हणत. तो श्वास जड, तळाकडे कोंडून राहतो आणि तो माणसाच्या कामाचा नसतो. झाकण काढल्या काढल्या कोणी आत उतरलं तर तो माणूस तिथंच बसतो आणि उठत नाही. त्याला काढायला दुसरा उतरला तर तोही. चाचांचे एक चुलते असे गेले होते, चाचांच्या जन्माच्याही आधी. त्यांना पाहिलेलं कोणीच उरलं नव्हतं. उरले होते ते फक्त नियम. पेव उघडून दिवसभर तसंच ठेवायचं. मग पेटता कंदील दोरानं आत सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल असं समजायचं. कंदील जळत राहिला तर कोणीतरी म्हणायचं, "उतरा." आणि इथंच आमच्या गावची खरी गंमत होती. जो "उतरा" म्हणेल, त्यानंच आधी उतरायचं.

हा नियम मला इतका आवडायचा की मी तो गावात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची. स्वतः सावलीत बसून दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायची सोयच नाही! कंदिलाकडे बघणारे डोळे आणि आत जाणारे पाय एकाच माणसाचे हवेत. चाचांना दम्याचा त्रास सुरू झाला तेव्हापासून त्यांनी पेवाच्या तोंडाशी "उतरा" हा शब्द काढला नव्हता. बाबांचा गुडघा बैलानं मोडला होता, तेही गप्प बसत. म्हणजे त्या वर्षी हा शब्द म्हणायचा हक्क एकट्या भाईजानला होता.

मला सुरुवातीलाच जरा धाकधूक वाटली होती, हे सांगते. नियम करणाऱ्यांनी धरून चाललं होतं, की प्रत्येकाला स्वतःच्या जिवाची भीती असते. भाईजानला ती नव्हतीच. त्याच्या बायकोला पाचवा महिना लागला होता. ती माझी मैत्रीण, माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी. मी तिला भाभी म्हणायची. तिनं आदल्या दिवशी मला विहिरीवर हळूच विचारलं, "तुह्या त्या कंदिलाचा भरोसा हाय ना?" मी म्हटलं, "हाव, एकदम पक्का." मला त्या कंदिलाचा अभिमानच होता.

पहिल्या दिवशी सकाळी फरशी काढली. आतून उबट, आंबूस वास आला आणि आम्ही सगळे मागे सरलो. दुपारी कंदील सोडला, तो तोंडाच्या खाली जाताच विझला. संध्याकाळी तो आणखी थोडा खाली जाऊन विझला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ज्वारीपर्यंत गेला आणि शांतपणे जळत राहिला.

ज्वारीपर्यंत म्हणजे ज्वारीच्या वीतभर वर. यालाही कारण होतं. मी पाळण्यात असताना असाच सोडलेला कंदील ज्वारीवर टेकला, कलंडला, घासलेट सांडलं आणि भिंतीचा कडबा धुमसला. आग विझली, पण पेवातल्या सगळ्या ज्वारीला धुराचा वास लागला. त्या वर्षभर भाकरीला धूर, कण्यांना धूर, आंबिलीला धूर. आई अजूनही तो विषय निघाला की नाक मुरडायची. तेव्हापासून चाचा दोर सोडताना अंदाज घेत आणि ज्वारीच्या वीतभर वर कंदील आला की दोराला गाठ मारत. तोंडावर आडवं लाकूड ठेवलेलं असे, त्याला ती गाठ अडकायची. मग कोणाचा हात सुटला तरी कंदील खाली टेकणार नाही. गाठ चाचांची असल्यामुळे ती सुटणार नाही, हे तर सगळ्यांना माहीत होतं.

"उतरा," असं भाईजान मोठ्यानं स्वतःलाच म्हणाला आणि उतरला.

सकाळभर काम छान चाललं. तो आत टोपली भरायचा, बाबा आणि चाचा दोरानं वर ओढायचे, आई आणि मी टोपली नेऊन ताडपत्रीवर ओतायचो, भाभी सूप घेऊन पाखडत बसलेली. भाईजान आतून जिनातली गाणी म्हणत होता आणि आवाज असा घुमत होता की जमीनच गातेय असं वाटावं. ढीग वाढत गेला. सुरुवातीची ज्वारी टणक, मोत्यासारखी होती. मला प्रत्येक टोपलीत हात घालायची सवय, म्हणून कळलं, जेवणाच्या आधीच्या शेवटच्या टोपल्या कोमट होत्या. मी आईला म्हटलंसुद्धा, "आई, हे जवारी गरम काऊन हाय?" आई म्हणाली, "ऊन लागलं असन." पण ऊन तर ढिगाला लागत होतं, टोपली आत्ताच जमिनीतून आली होती. मला ते विचित्र वाटलं, आणि तेवढ्यात भाकरी आल्या म्हणून मी विसरले.

जेवायला बसलो आणि रोहिणखेडच्या बाजूनं धुळीचा लोट उठला. चैत्रातलं वारं, त्याच्यामागे काळं आभाळ. बाबा आणि भाईजान धावले. पेवाच्या तोंडावर फरशी सरकवली, वर कडब्याच्या पेंढ्या दाबल्या, ढिगावर दुसरी ताडपत्री ओढली. वारं बराच वेळ थैमान घालत होतं. पाऊस पडला नाही, पण जाताना एवढं सांगून गेला की परत येतो. लांब घाटावर विजा चमकत होत्या.

आता घाई झाली. अर्धी ज्वारी अजून आत होती. लिंपण एकदा फोडलं की पेव उघड्यासारखंच. पाणी आत गेलं असतं तर उरलेली सगळी ज्वारी नासली असती. पेंढ्या काढल्या, फरशी सरकवली. भाईजान तोंडाशी बसला आणि पाय आत सोडले.

"कंदील," बाबा म्हणाले.

"आता कायचा कंदील? आत्ताच तं मी आत होतो!"

"बस तसाच," चाचा म्हणाले. "बिना कंदिलाचं नाई."

चाचांनी कंदील पेटवला आणि आत सोडला. दोर सरसर गेला, गाठ आडव्या लाकडाला येऊन अडकली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. खाली कंदील जळत होता, ज्योत सरळ, पिवळी, जराही न हलणारी. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. भाभीनं सूप परत हातात घेतलं. भाईजान म्हणाला, "पाह्यलं ना?" आणि हात टेकून अंग आत सरकवायला लागला.

मी मागे वळले होते, टोपली घ्यायला. समोर ज्वारीचा ढीग होता, ताडपत्री उडून अर्धा उघडा पडलेला. तो आता माझ्या छातीपर्यंत आला होता. मी त्याच्याकडे बघितलं, मग परत त्या गाठीकडे. आणि माझ्या तोंडून निघालं, ते मी कोणाला सांगायला म्हणून नव्हतेच म्हणाले, मला प्रश्नच पडला होता.

"येवढी जवारी वर आली, मंग कंदील खाली काऊन नाई गेला?"

कोणालाच कळलं नाही. मलाही अर्धंच कळलं होतं. मी परत म्हटलं, "चाचा, गाठ सकाळचीच हाय. जवारी तं खाली गेली."

ही चूक कशी झाली याचं मला पुढं कितीदा नवल वाटलं. सकाळी जिथं ज्वारी होती, तिथं आता हवा होती. कंदील त्या हवेत अधांतरी लटकत होता आणि इमानदारीनं सांगत होता की इथं, या उंचीवर, काही धोका नाही. खोटं तो एक अक्षर बोलत नव्हता. पण भाईजान काही त्या उंचीवर उभा राहणार नव्हता. तो त्याच्याही खाली, पुरुषभर खाली, वाकून टोपली भरणार होता. आगीच्या भीतीनं मारलेल्या गाठीनं दुसऱ्या भीतीचं माप अडवून धरलं होतं.

"गाठ सोडा," मी म्हटलं.

"अन् कडबा पेटला तं?" बाबा म्हणाले. त्यांनी धुराची भाकरी वर्षभर खाल्ली होती. पेवात मेलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. आम्ही कोणीच पाहिला नव्हता.

"पानी येऊन राह्यलं," भाईजान ओरडला. "सारी जवारी पान्यात घालता का हिच्या पायी? सकाऊन पासून आतच होतो मी. काई होत नाई मले!"

खरंच थेंब पडायला लागले होते, मोठे, धुळीत खड्डे पाडणारे. मला रडू यायला लागलं आणि रागही आला. मी काही शहाणपणा करत नव्हते. मला फक्त बघायचं होतं. मी ओरडले, "गरम होती थे! शेवटची जवारी गरम होती!" भाभी उठून उभी राहिली होती. ती चाचांकडे बघत होती.

चाचांनी भाईजानच्या दंडाला धरलं, आणि दुसऱ्या हातानं गाठ सोडायला लागले. स्वतःची गाठ त्यांना दातांनी सोडवावी लागली. कंदील हळूहळू खाली गेला. थोडा वेळ जळत राहिला. मग ज्योत बारीक झाली, लाल झाली, काजळी धरल्यासारखी दिसली, आणि कोणी फुंकर मारल्यासारखी गेली. वात नव्हती संपली की घासलेट नव्हतं संपलं. खाली नुसता अंधार होता आणि त्यातून तो आंबूस वास येत होता.

भाईजाननं पाय वर घेतले.

पाऊस मग धो धो आला. आम्ही ढीग ताडपत्रीखाली झाकला, फरशी, पेंढ्या, सगळं टाकलं त्या तोंडावर, पण उतार पेवाकडेच होता आणि फोडलेल्या लिंपणातून पाणी आत गेलं. काही दिवसांनी कंदील तळापर्यंत जळला तेव्हा उरलेली ज्वारी काढली. काळी, चिकट, दारूसारखा वास मारणारी. आमच्या गाईनं हुंगून तोंड फिरवलं. तळाला आधीपासूनच ओल धरली होती, म्हणून ज्वारी आंबून तापली होती आणि तिचा श्वास वाढला होता, असं चाचा म्हणाले. ती आधीच किती बिघडली होती आणि पावसानं किती बिघडवली, हे कोणालाच सांगता आलं नाही.

भाईजाननं मला याबद्दल आयुष्यभर छळलं. मी माहेरी आले की कुंपणापलीकडून त्याचा आवाज यायचा, "आली का हो, जवारी बुडवणारी?" त्याचं म्हणणं एकच, की तो उतरला असता तर काहीही झालं नसतं. पाऊस यायच्या आत त्यानं निम्मीअधिक ज्वारी वर काढली असती. कंदील विझतो तिथं माणूस विझतोच असं कुठं लिहिलंय? कंदिलाला छाती असते का? मी खूप भांडायची त्याच्याशी. पण खरं सांगू का, याचं उत्तर मला आजही माहीत नाही. मुंबईचा तो साहेब म्हणाला असता, अशा विझल्या कंदिलाखाली जाणाऱ्या माणसांतले बरेचसे परत येत नाहीत. पण हाच माणूस आला असता का नसता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. टळलेला धोका काही मागे ठेवून जात नाही. नासलेली ज्वारी दिसते, तिचा वास येतो, ती उचलून उकिरड्यावर नेऊन टाकावी लागते. न घडलेलं मरण कुठं ठेवायचं आणि कशानं मोजायचं?

पण हे सगळे पुढचे विचार. त्या चैत्रात दोन्ही घरांत भांडण पेटलं ते वेगळ्याच गोष्टीवरून.

वर काढलेली चांगली ज्वारी आमच्या अंगणात आणून ठेवली होती. ती निम्मी निम्मी वाटून घ्यायची, हे उघड होतं. पण बाबा चाचांना म्हणाले, "बडेभाई, हा ढीग सारा तुमचा. नासली थे आमच्या हिश्श्याची."

"काऊन?"

"उतरा म्हणनारा सोता उतरते, का नाई? मंग थांबा म्हणनाऱ्यानं काईच द्याचं नाई का? थांबा म्हणनारी माही पोरगी होती. तिच्या बोलन्यानं जे गेलं, थे आमचं गेलं."

मी दारात उभी होते. बाबा असं काही बोलतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला त्या नियमाचा एवढा अभिमान, आणि त्याला दुसरी बाजू आहे हे मला सुचलंच नव्हतं. माझं लग्न तोंडावर होतं, घरात ज्वारी नव्हती, तरी त्या क्षणी मला बाबांचं म्हणणं बरोबर वाटलं.

चाचा संतापले. दम्यानं त्यांना एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. "माह्या पोराचा जीव... तू जवारीत तोलतं का भाऊ? अन् थे गाठ... थे गाठ कोनाची होती? माही होती! नासली थे माही."

झालं. दोघंही हटून बसले. बाबा म्हणायचे आमची नासली, चाचा म्हणायचे आमची. कमी घेण्यावरून भांडणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. आई समजावून थकली. दोघांचं बोलणं बंद झालं. बाबा बाजाराला जाताना मागच्या वाटेनं जायचे. चाचा दोर वळायला आमच्याकडे पाठ करून बसायचे. ढीग तसाच पडून, आणि दोन्ही घरच्या कोंबड्या त्यावर चरून चांगल्या गुबगुबीत होत होत्या. वडनेरहून निरोप आला, तयारी कुठवर आली म्हणून, आणि आईनं उत्तर काय द्यावं ते तिला कळेना.

मग एका सकाळी भाभी कुंपणातल्या फटीतून आमच्या अंगणात आली. तिचं पोट आता चांगलं दिसायला लागलं होतं. हातात टोपली. ती कोणाला काही न विचारता ढिगाशी बसली, टोपली भरली आणि आमच्या ओसरीवर नेऊन ओतली. दुसरी भरली आणि फटीतून तिच्या अंगणात नेऊन ओतली. परत आमची. परत तिची. बाबा बाहेर आले. पलीकडून चाचा आले, दोर हातात तसाच धरून.

"बहू, हे काय करून राह्यली तू?" चाचा म्हणाले. "हिसाब झाला नाई अजून."

भाभीनं कमरेवर हात ठेवला, जरा श्वास घेतला. सासऱ्यांसमोर ती कधी एवढं बोलायची नाही.

"तुमी दोघं करत राहा हिसाब," ती म्हणाली. "माह्या हिश्श्याचं थ्या दिवशीच घरी आलं."

आणि तिनं पुढची टोपली भरायला घेतली. आम्ही सगळे कुंपणापलीकडे बघत होतो. तिथं भाईजान उकिडवा बसून मीठ लावलेली कैरी खात होता आणि वासराला शिव्या देत होता, आणि आपल्याकडे कोणी बघतंय हे त्याच्या लक्षातही आलं नाही.